फीडबॅक प्रोसेसर नवीनच घेतलाय? जोडणी आणि बटणं, अगदी पहिल्यापासून

कुणी याला फीडबॅक सप्रेसर म्हणतं, कुणी एलिमिनेटर, कुणी नुसतंच फीडबॅकचं मशीन. काम एकच आहे, माईकची शिट्टी वाजायला लागली की ती नेमकी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे सुराच्या कुठल्या उंचीवर, ती हर्ट्झमध्ये मोजतात) वाजतेय ते ओळखायचं आणि तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबायची. मशीन उपयोगाचं आहे याबद्दल शंकाच नाही, पण नवीन माणूस ते आणतो, मागे जिथे वायर बसेल तिथे बसवतो, पुढे दिवे लागले म्हणून निश्चिंत होतो आणि शिट्टी काही थांबत नाही. मग म्हणतो मशीन बोगस आहे. बहुतेक वेळा ते चुकीच्या जागी जोडलेलं असतं, नाहीतर लेव्हल चुकलेली असते, म्हणून इथे बटणांच्या आधी वायरी घेतोय. हे कुठल्या एका मॉडेलसाठी नाही, बटणांची नावं तुमच्या मशीनवर थोडी वेगळी असतील, मॅन्युअल शेजारी ठेवून वाचा म्हणजे जुळवता येईल.

शिट्टी का वाजते, एवढं आधी समजून घ्या

माईकमध्ये गेलेला आवाज मिक्सर आणि ॲम्पमधून स्पीकरला जातो, स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्यातला थोडा परत त्याच माईकमध्ये शिरतो. ही फेरी चालूच असते. यात एखादी फ्रिक्वेन्सी गेली तेवढीच किंवा त्याहून मोठी होऊन परत आली आणि नवी लाट जुन्या लाटेवर बरोबर बसली, की दर फेरीला ती वाढत जाते आणि क्षणात बाकी सगळ्या आवाजावर चढून बसते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्यावरून याला लार्सन इफेक्ट असंही नाव आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येईल, फीडबॅक सगळ्या आवाजाचा एकदम येत नाही, एकाच सुराचा येतो. खोलीचा, स्पीकरचा, माईकचा आपापला स्वभाव असतो, त्यामुळे काही ठराविक फ्रिक्वेन्सी जरा जास्त उचलल्या जातात आणि त्यांच्यातली सगळ्यात आगाऊ जी असेल ती आधी वाजते. ती दाबली की आवाज थोडा अजून वाढवता येतो, मग दुसरी वाजते, ती दाबली की तिसरी. मशीन हेच करतं, फक्त आपल्यापेक्षा भराभर.

ओळखतं कसं? आत आवाजाचं फ्रिक्वेन्सीनुसार सतत विश्लेषण चालू असतं. एखादा अगदी बारीक टोकदार सूर दिसला, तो टिकून राहिला, वाढत गेला, आणि त्याच्यासोबत माणसाच्या आवाजात किंवा वाद्यात असतात तसे वरचे जोडसूर नसले, तर मशीन म्हणतं हा फीडबॅक. मग त्या जागी एक अरुंद फिल्टर बसवतं, त्याला नॉच म्हणतात.

एक वेगळी पद्धतही आहे, त्यात सगळा आवाजच काही हर्ट्झने सरकवतात म्हणजे परत येणारी लाट आधीच्या लाटेवर नीट बसतच नाही. बेल लॅब्जच्या मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं होतं, साधारण ५ हर्ट्झ सरकवण्याबद्दल. बोलण्याला हे चालून जातं, संगीताला नाही, कारण मूळ सूर आणि सरकलेला सूर एकत्र आले की आवाज लाटांसारखा हलायला लागतो. तुमच्या मशीनवर ‘शिफ्ट’ नावाचं बटण असेल तर ते हे, भाषणापुरतंच वापरा. बाकी खाली सगळं नॉचवाल्या मशीनबद्दल आहे.

मशीनच्या आधी माईक आणि स्पीकर

हा भाग सगळे उडी मारून पुढे जातात आणि इथेच खरा खेळ आहे, म्हणून जरा थांबून वाचा. चांगलं लावलेलं मशीन तुम्हाला शिट्टीच्या आधी साधारण ३ ते ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) जास्त आवाज मिळवून देतं. ऐकायला हा फरक चांगलाच आहे. पण माईक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असेल आणि तो १० वर आणला, तर माईकमध्ये जाणारा आवाज ६ डीबीच्या आसपास वाढतो आणि तेवढं गेन, म्हणजे मिक्सरवर वाढवलेला आवाज, तुम्ही खाली घेऊ शकता. म्हणजे अख्ख्या मशीनची कमाई नुसता माईक जवळ घेऊन मिळाली, शिवाय आवाजातलं काही कापलं गेलं नाही.

तसंच उघड्या माईकचं. चालू माईक दुप्पट झाले की ३ डीबी गेले. एकाचे दोन केले तर ३, दोनाचे चार केले तर अजून ३. चार माईक उघडे आणि बोलतोय एकच माणूस, तर मशीनने मिळवलेले ६ डीबी तिथेच संपले. जो बोलत नाही त्याचा माईक म्यूट करा, ही सवय कुठल्याही प्रोसेसरपेक्षा जास्त कामाची आहे.

स्पीकर माईकच्या पुढे, माईक स्पीकरच्या मागे, हे तर झालंच. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. साधा कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माईकच्या शेपटीच्या समोर. सुपरकार्डिऑइडचं तसं नाही, त्याला सरळ मागून थोडं ऐकू येतं आणि बहिरी जागा साधारण १२५ अंशावर असते, म्हणून मॉनिटर मागे पण थोडा बाजूला सरकवून. आणि गायकाला सांगा माईकची जाळी मुठीत धरू नको. जाळीच्या मागच्या बाजूच्या फटी झाकल्या गेल्या की माईकचं दिशा ओळखणं संपतं, तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि मग शिट्टी ठरलेली. त्याने हात काढला की शिट्टी गेली, पण मशीन तोवर दोन-तीन फिल्टर लावून बसलेलं असतं आणि ते फिल्टर आता विनाकारण आवाज कापत राहतात.

मागची बाजू: कुठली वायर कुठे

मागे बहुतेक मशीनवर दोन चॅनल असतात, ए आणि बी किंवा लेफ्ट आणि राईट, प्रत्येकाला एक इनपुट आणि एक आउटपुट. तीन पिनांचा एक्सएलआर असतो, काहींवर सोबत पाव इंची जॅकही. एक्सएलआरमध्ये पिन १ ग्राउंड, २ हॉट, ३ कोल्ड. तीन भागांच्या जॅकवर टिप हॉट, रिंग कोल्ड, स्लीव्ह ग्राउंड. हॉट आणि कोल्डवर एकच आवाज उलटसुलट जातो आणि पुढच्या मशीनमध्ये दोघांतला फरक घेतला की वाटेत दोन्ही तारांना सारखाच लागलेला गुणगुणाट निघून जातो, यालाच बॅलन्स्ड म्हणतात. लांबची वायर असेल तर बॅलन्स्डच घ्या. दोनच भागांचा साधा जॅक लावायचा असेल तर वायर लहान ठेवा, आणि आउटपुटच्या बाजूला लावण्याआधी मॅन्युअल बघा, कारण काही आउटपुटना कोल्ड पिन ग्राउंडला जोडलेली चालते, काहींना मोकळी ठेवावी लागते.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. ॲम्पचं स्पीकरला जाणारं आउटपुट या मशीनच्या इनपुटला लावायचं नाही, तिथे कित्येक व्होल्ट असतात, मशीनचं इनपुट जळू शकतं. आणि माईक थेट मशीनमध्ये खुपसायचा नाही. हे लाइन लेव्हलचं मशीन आहे, माईकचा आवाज त्याच्या मानाने फारच बारीक, आधी मिक्सरच्या प्रीॲम्पमधून तो मोठा व्हायलाच हवा. काही मॉडेलवर वेगळं माईक इनपुट असतं, तिथे ‘माईक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, नसेल तर नाही असंच समजा. मशीनचं आउटपुट मिक्सरच्या माईक इनपुटमध्ये घालायची वेळ आली तर तिथला ४८ व्होल्टचा फँटम (माईकला वीज पुरवणारा) आधी बंद करा, आणि शक्यतो तसं जोडूच नका, लाइन इनपुट शोधा.

मागेच एक छोटं स्विच सापडेल, +४ आणि -१० असं लिहिलेलं. ही ऑपरेटिंग लेव्हल. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, प्रोफेशनल मिक्सर आणि ॲम्पची लेव्हल. -१० डीबीव्ही म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट, घरगुती आणि काही स्वस्तातल्या गियरची. दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक आहे. मिक्सर +४ चा आणि स्विच -१० वर राहिलं तर मशीन लगेच क्लिप होऊन आवाज फाटेल. उलट झालं तर आवाज इतका बारीक आत जाईल की बऱ्याच मशीनना फीडबॅक नीट पकडताच येत नाही, आणि वर सूं-सूं असा खरखरीत आवाज वाढतो. दिवे लागतात, सगळं चालू दिसतं, पण फिल्टर एकही बसत नाही, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे स्विच बघा.

साखळीत नेमकं कुठे

नियम एकच. आवाज मशीनच्या *आतून* गेला पाहिजे, सगळाच्या सगळा. शेजारून एक वाट मोकळी राहिली की संपलं.

नवीन लोकांची हमखास चूक इथे होते. रिव्हर्ब आणि इको जसे ऑक्स सेंडमधून (मिक्सरची आवाज बाहेर पाठवायची जादा वाट) पाठवून रिटर्नमध्ये परत घेतात तसंच हे मशीनही जोडतात. रिव्हर्बचं ठीक आहे, तिथे मूळ आवाजात थोडा इफेक्ट मिसळायचाच असतो. इथे मूळ आवाज मिक्सरमधून सरळ मेनला, म्हणजे लोकांसाठीच्या मुख्य स्पीकरला, जातच राहतो, मशीन फिल्टर लावतं ते फक्त मिसळलेल्या भागाला, आणि शिट्टी मूळ वाटेने मजेत वाजत राहते. मशीन एकावर एक फिल्टर लावत सुटतं आणि उपयोग शून्य.

बरोबर जागा तीन आहेत. पहिली, मिक्सरच्या मेन आउट आणि ॲम्पच्या मध्ये, मेन आउट मशीनच्या इनपुटला, मशीनचं आउटपुट पुढे. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन. दुसरी, मॉनिटरच्या ऑक्स आउट आणि मॉनिटरच्या ॲम्पच्या मध्ये. हे वरच्या चुकीसारखं वाटेल पण नाही, कारण इथे ऑक्सचा आवाज परत मिक्सरमध्ये येत नाही, मशीनमधून सरळ मॉनिटरलाच जातो. फीडबॅक मॉनिटरमधून येतोय आणि मशीन लावलंय मेनला, तर ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते, म्हणून शिट्टी कुठून येतेय ते आधी शोधा. एकेक करून मेन आणि मॉनिटर खाली घ्या, लगेच कळेल.

तिसरी जागा म्हणजे इन्सर्ट. एखाद्याच चॅनलला त्रास आहे, किंवा सगळे माईक एका ग्रुपवर घेतलेत, तर त्या चॅनलच्या किंवा ग्रुपच्या इन्सर्टमध्ये मशीन घालता येतं. फायदा असा की फिल्टर फक्त माईकला लागतात, ट्रॅक किंवा कीबोर्डचा आवाज तसाच राहतो. यासाठी वाय आकाराची इन्सर्ट केबल लागते, एका टोकाला तीन भागांचा जॅक, दुसऱ्या टोकाला दोन साधे जॅक. मिक्सरवरचं इन्सर्ट दिसायला एकच भोक असतं पण त्यात जाणं आणि येणं दोन्ही आहे, बहुतेक मिक्सरवर टिपवरून आवाज बाहेर जातो आणि रिंगवरून परत येतो. म्हणजे टिपवाला जॅक मशीनच्या इनपुटला, रिंगवाला आउटपुटला. जोडल्यावर त्या चॅनलचा आवाजच गायब झाला तर घाबरू नका, एक तर हे दोन जॅक अदलाबदल झालेत नाहीतर जॅक पूर्ण आत बसलेला नाही. इन्सर्ट बॅलन्स्ड नसतं, म्हणून ही केबल लहान ठेवा, मशीन मिक्सरच्या शेजारीच हवं.

जोडून झालं की एक परीक्षा घ्या. मेन फेडर (मिक्सरवरची मुख्य आवाजाची सरकती पट्टी) खाली घ्या, मशीनच्या आउटपुटची वायर काढा, मग माईकमध्ये बोलत फेडर हळूच वर न्या. स्पीकर पूर्ण मुका राहिला पाहिजे. थोडासा जरी आवाज आला तरी कुठूनतरी दुसरी वाट चालू आहे, ती सापडेपर्यंत बटणांना हातच लावू नका.

ग्राफिक ईक्यू (पट्ट्यापट्ट्यांनी टोन बदलणारं मशीन) असेल तर तो या मशीनच्या आधी, लिमिटर (आवाज ठराविक हद्दीपुढे न जाऊ देणारा) आणि क्रॉसओव्हर (खालचा-वरचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारा) नंतर. कॉम्प्रेसरपासून, म्हणजे जोराचा आवाज दाबणाऱ्या मशीनपासून, जपून राहा. त्यात मेकअप गेन (दाबलेला आवाज भरून काढायला दिलेली वाढ) दिलेला असेल तर कुणी बोलत नसताना तो गेन पूर्ण लागू होतो आणि नेमकी शांततेत शिट्टी उठते. सेटिंग करताना कॉम्प्रेसर बायपास न करता जसा वापरणार तसाच चालू ठेवा.

जोडल्यावर हम्म आवाज यायला लागला, ५० किंवा ६० हर्ट्झचा खालचा गुणगुणाट, तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे मशीनं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारा. सगळी मशीनं एकाच बोर्डवरून चालवून बघा, नाही गेला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मेन्सच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. ती जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही.

पुढची बाजू

इनपुट लेव्हल आणि मीटर. आवाज जोरात असताना मीटर वरच्या पिवळ्यापर्यंत जावा, लाल क्लिप लागू नये. डिजिटल मशीनमध्ये क्लिप झालेला आवाज चरचरीत फाटतो आणि त्या फाटण्यातून नवे सूर तयार होतात, मग मशीनही गोंधळतं. इनपुटचा नॉब नसेल तर +४/-१० स्विच आणि मिक्सरचं आउटपुट यावरच हे जमवायचं.

बायपास. हे बटण दाबलं की सगळे फिल्टर बाजूला होतात आणि आवाज जसाच्या तसा पुढे जातो. तुलना करायला छान. पण नीट ऐका, मशीनच्या भरवशावर तुम्ही आवाज ५ डीबी वर नेलाय आणि अशा वेळी बायपास दाबला तर पुढच्याच क्षणी सगळ्या शिट्ट्या एकदम उठणार, लोकांच्या कानात आणि तुमच्या ट्वीटरमध्ये (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग). आधी फेडर खाली, मग बायपास. रिसेटचंही तेच.

फिक्स आणि लाइव्ह फिल्टर. हे कळलं की मशीन अर्धं कळलं. फिक्स, काही जण स्टॅटिक म्हणतात, हे कार्यक्रमाआधी सेटिंग करताना बसवायचे आणि मग तिथेच राहतात. लाइव्ह किंवा डायनॅमिक हे कार्यक्रम चालू असताना नवी शिट्टी उठली तर धावून जाणारे. सगळे वापरले गेले की बहुतेक मशीन सगळ्यात जुना लाइव्ह फिल्टर सोडवून नव्या जागी लावतं. एका चॅनलला १२ फिल्टर असतील तर ८ फिक्स आणि ४ लाइव्ह अशी वाटणी सुरुवातीला ठीक. माईक हातात घेऊन माणूस फिरणार असेल तर लाइव्ह वाढवा, पोडियमवर माईक पक्का असेल तर फिक्स.

विड्थ. फिल्टर किती रुंद. सप्तकाच्या हिशोबात असतं, १/१० ऑक्टेव्ह, १/५ ऑक्टेव्ह वगैरे, काहींवर फक्त ‘म्युझिक’ आणि ‘स्पीच’ लिहिलेलं असतं, म्युझिक म्हणजे अरुंद, स्पीच म्हणजे रुंद. १ किलोहर्ट्झवर १/१० ऑक्टेव्हचा फिल्टर साधारण ७० हर्ट्झ रुंद असतो. ३१ बँडच्या ग्राफिक ईक्यूची एक पट्टी त्याच जागी जवळपास २३० हर्ट्झ ओढून खाली नेते, शिवाय शिट्टी दोन पट्ट्यांच्या मध्ये असेल तर दोन्ही ओढाव्या लागतात. आवाज अंगासकट राहायचा असेल तर अरुंद फिल्टर का हवा ते यातून दिसतं. मग रुंद कशाला? कारण खोली गरम-गार झाली, माईक हातभर सरकला, की शिट्टीची जागाही थोडी सरकते आणि अरुंद फिल्टरच्या कडेने निसटते. बोलण्यात थोडं जास्त कापलं गेलं तरी शब्द कळतात, म्हणून स्पीचला रुंद चालतो. गाण्यासाठी अरुंद ठेवा आणि माईक जागचा हलू देऊ नका.

सेन्सिटिव्हिटी. जास्त ठेवली तर मशीन चटकन पकडतं पण बासरीचा लांब सूर, सिंथचा धरून ठेवलेला स्वर, गायकाचा लांबवलेला स्वच्छ ‘आ’ यांनाही फीडबॅक समजून कापायला निघतं. गाण्यात मध्यम किंवा कमी, भाषणात जास्त. वाद्यांना शक्यतो या मशीनमधून नेऊच नका, त्यासाठीच वर ग्रुपचं इन्सर्ट सांगितलं.

लॉक हे फिक्स फिल्टर गोठवण्यासाठी. रिसेट किंवा क्लिअर बहुतेक वेळा काही सेकंद दाबून धरावं लागतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. लिफ्ट किंवा टाइमआउट म्हणजे लाइव्ह फिल्टर ठराविक वेळाने आपोआप सुटणं, असेल तर चालू ठेवा, नाहीतर तासाभराने आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. स्टिरिओ लिंक चालू असेल तर एका चॅनलला लागलेला फिल्टर दुसऱ्यालाही लागतो, मेनच्या लेफ्ट-राईटला हे बरोबर, पण ए मेनला आणि बी मॉनिटरला असं वापरत असाल तर लिंक बंदच हवं.

आता सेटिंग, ज्याला रिंग आउट म्हणतात

हे लोक यायच्या आधी करायचं, आणि स्पीकरसमोर कुणी उभं नाही ना ते बघून. कानाला त्रास होऊ शकतो, जोराची शिट्टी फार वेळ राहिली तर ट्वीटर जळतो. फेडरवरचं बोट काढायचं नाही.

१. माईक, स्पीकर, मॉनिटर जिथे खरंच असणार तिथेच ठेवा. एकदम जे माईक उघडे राहणार ते सगळे उघडा. बोलण्याच्या चॅनलवर ८० ते १०० हर्ट्झचा लो कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. टोन आणि ईक्यू आधीच कानाला बरे वाटतील असे करून घ्या, कारण नंतर ईक्यू हलवला की अख्खी फेरी बदलते आणि ही मेहनत परत करावी लागते.

२. मेन फेडर तळाला. मशीन रिसेट करून सगळे फिल्टर मोकळे करा, फिक्स-लाइव्ह वाटणी आणि विड्थ निवडा, मशीन सेटअप मोडवर न्या. काही मशीनवर याला ‘लर्न’ म्हणतात, काही तर स्वतःच आवाज वाढवत नेऊन फिल्टर बसवतात, तरी पहिल्यांदा हाताने करा, कानाला ओळख होते.

३. फेडर हळूहळू वर. अगदी एक-एक डीबी, मध्ये थांबत. शिट्टी उठायच्या आधी आवाजाला एक शेपूट लागते, माईकमध्ये ‘टक्’ केलं की ‘टक्‌ंऽऽ’ असं घुमत राहतं, ही पहिली खूण. अजून किंचित वर नेलं की सूर धरतो, आणि तेवढ्यात पहिल्या फिल्टरचा एलईडी लागतो आणि सूर मावळतो. थांबा, पूर्ण शांत होऊ द्या. मशीन आधी थोडंच कापतं, सूर परत उठला तर तोच फिल्टर खोल करत नेतं, त्याला ते करू द्या. दोन-तीन सेकंदांत नाही दबला तर फेडर खाली.

४. परत वर. दुसरा दिवा, तिसरा दिवा. सुरुवातीचे फिल्टर खरा फायदा देतात, नंतर नंतर एक शिट्टी दाबली की फेडर जेमतेम हलतो न हलतो तोच दुसरी उठते, आणि एक वेळ अशी येते की दोन-तीन सूर एकदम वाजतात. ही त्या खोलीची हद्द. फिक्स फिल्टर शिल्लक असले तरी इथेच थांबायचं. सगळे दिवे लागलेच पाहिजेत असं काही नाही, प्रत्येक फिल्टर म्हणजे आवाजाचा एक तुकडा गेला.

५. फिक्स लॉक करा, लाइव्ह मोडवर या, आणि फेडर ६ डीबी खाली घ्या. हे ६ डीबी वाया जात नाहीत. हद्दीच्या अगदी जवळ चालवलं तर शिट्टी वाजली नाही तरी आवाज घुमणारा, धातूच्या नळीतून आल्यासारखा लागतो. एवढं खाली घेतल्यावर आवाज पुरत नसेल तर माईक जवळ घ्या किंवा स्पीकर लोकांच्या जवळ न्या, मशीनला अजून ताणू नका.

६. कुणाला तरी नेहमीसारखं बोलायला लावा आणि तुम्ही खोलीत फिरून ऐका. मग फेडर अजून खाली घेऊन बायपास करून ऐका. आवाज मशीनमध्ये फारच पोकळ झाला असेल तर दोन-चार फिल्टर जास्त झालेत, परत करा आणि आधी थांबा.

फ्रिक्वेन्सी कानाने ओळखायची सवयही इथेच लागते. खालचं घुमणं, ‘हूऽऽ’ असं, साधारण १२५ ते २५० हर्ट्झ. ५०० च्या आसपास भोंग्यासारखं. १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ती नेहमीची शिट्टी. ६ च्या वर गेलं की सुईसारखं बारीक. मशीनवर डिस्प्ले असेल तर प्रत्येक फिल्टरची फ्रिक्वेन्सी आणि खोली दिसते, ती कागदावर लिहून ठेवा.

कार्यक्रम चालू असताना

लोक आले की खोली बदलते, कपडे आणि माणसं वरचा आवाज पितात, म्हणून रिकाम्या खोलीत केलेलं सेटिंग तंतोतंत बसणार नाही. साधारणपणे ते सुरक्षित बाजूलाच पडतं. लाइव्ह फिल्टर उरलेलं बघून घेतात.

तुमचं लक्ष दिव्यांवर हवं. एक-दोन लाइव्ह दिवे लागले, ठीक. धडाधड सगळे लागत असतील तर काहीतरी हललंय, कुणीतरी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलंय, नाहीतर जाळी मुठीत धरलीय, किंवा कुणाचा तरी माईक टेबलावर उघडाच पडलाय. तिथे जा, ते दुरुस्त करा आणि मग लाइव्ह फिल्टर क्लिअर करा, फक्त लाइव्ह, फिक्सना हात न लावता. क्लिअर करायच्या क्षणी फेडर जरा खाली, आणि शक्यतो कुणी बोलत असताना नाही.

तरीही जमत नसेल तर

शिट्टी चालू आहे आणि एकही दिवा लागत नाही: मशीन बायपासवर आहे, किंवा आत जाणारी लेव्हल फार कमी, किंवा शिट्टी दुसऱ्याच वाटेने, म्हणजे मॉनिटरमधून येतेय. दिवे सगळे लागले आणि शिट्टी तशीच: आवाज शेजारून जातोय, वरची वायर काढायची परीक्षा परत घ्या. आवाज मधूनच बसल्यासारखा, नाक धरून बोलल्यासारखा: फिल्टर जास्त झाले किंवा विड्थ रुंद आहे. कीबोर्डचा एखादाच स्वर हळू वाजतोय: मशीनने तो फीडबॅक समजून कापलाय, लाइव्ह क्लिअर करा, सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि पुढच्या वेळी कीबोर्ड त्या ग्रुपमधून बाहेर काढा.

आणि कागदावर लिहिलेल्या फ्रिक्वेन्सी दोन-तीन कार्यक्रमांनंतर शेजारी शेजारी ठेवून बघा. एकच आकडा दरवेळी, वेगवेगळ्या जागीही येत असेल तर तो खोलीचा नाही, तुमच्या माईकचा किंवा स्पीकरचा आहे. तिथे ईक्यूमध्ये कायमचं थोडं खाली घ्या, मशीनचा एक फिल्टर मोकळा होतो.

चालू करताना आधी मिक्सर, मग हे मशीन, सगळ्यात शेवटी ॲम्प. बंद करताना बरोबर उलट, आधी ॲम्प, नाहीतर मशीन बंद होतानाचा ‘धप्’ सरळ स्पीकरवर जाऊन आदळतो.